मदत हवी आहे: जुन्या पिकअपच्या केबिनचे माउंट गंजलेत, पत्रा कापून काढू की वरून ठिगळ मारू?

चौथागिअर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एक जुनी पिकअप आहे. खाली लॅडर चासी (शिडीसारखा लोखंडी सांगाडा), तिच्यावर रबर बुशांवर, म्हणजे रबरी गाद्यांवर, बसवलेली केबिन आणि मागे वेगळा हौदा. इंजिन ठणठणीत, गिअर लोण्यात सुरी फिरावी तसे पडतात, त्यामुळे गाडी भंगारात घालायचं मनात येत नाही. पण परवा खाली शिरून पाहिलं आणि धस्स झालं.

ड्रायव्हरच्या बाजूला केबिनच्या मागच्या कोपऱ्याखाली जो माउंट (केबिन चासीला बोल्टने बसते ती जागा) आहे, तिथल्या पत्र्याचे पापुद्रे सुटतायत. स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ आत जातो. बोल्ट जागेवर आहे, पण त्याच्याभोवतीचा पत्रा वॉशरच्या बाहेरपर्यंत कुजलाय, म्हणून केबिन त्या कोपऱ्यात खाली बसलीय. दाराची कडी आणि खांबावरचा खटका एका रेषेत येत नाहीत, दार दाबून लावावं लागतं. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वर कमी आणि खाली जास्त दिसते. खड्ड्यात चाक गेलं की खालून ठक् असा आवाज येतो.

त्याच बाजूचा मधला माउंट वरवर बरा वाटतो, पण बोल्टला पाना लावला की बोल्ट नुसता फिरतो, सुटत नाही. आतला नट फिरतोय असा अंदाज आहे. चासीला जे ब्रॅकेट (माउंट ज्यावर टेकतात ते आधार) आहेत त्यातल्या एकाची खालची कड खाऊन गेलीय.

माझ्याकडे लहान मिग (तारेने जोडणारं) वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर आहे. पातळ पत्रा जोडता येतो, जाड काम फारसं केलेलं नाही. कुजलेल्या जागेवर जाड प्लेट टाकून वेल्ड केली तर चालेल का? फिरणाऱ्या नटाचं काय करायचं? आणि ब्रॅकेट गेलं म्हणजे चासीच गेली असं समजायचं का?

ग्रीसगन

ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी गंज केबिनचा किती आणि चासीचा किती ते वेगळं करा. हातोडीने ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज टणटणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. बद्द आवाज आला की तिथे टोच्या मारून बघा. चासीचे लांब रेल आणि त्यांना जोडलेले ब्रॅकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रॅकेट बदलता येतं. रेल कुजला असेल तर ते वेगळं आणि मोठं दुखणं.

आता केबिनचं. माउंटची जागा म्हणजे दोन-तीन पत्रे एकावर एक ठेवून केलेली बंद पेटी असते. चाकाने उडवलेला चिखल तिच्यात शिरतो, पाणी निघून जायला ठेवलेली भोकं बुजतात, आणि ओला चिखल महिनोन्‌महिने आतच बसून राहतो. गंज आतून बाहेर येतो. त्यामुळे खालून भोक दिसायला लागलं म्हणजे आतलं बरंच आधीच गेलेलं असतं. वरचं मॅटिंग आणि त्याखालचा डांबरी पॅड उचला, उंबऱ्याच्या (दाराखालच्या पट्टीच्या) आतल्या बाजूलाही टोचून बघा. तुम्हाला आज जेवढं भोक दिसतंय त्याच्या दुप्पट कापावं लागेल असं धरून चाला.

ठोकपीट

एवढं कशाला? ५ मिमीची प्लेट वरून ठेवा, चारी बाजूंनी वेल्डिंग ओढा, विषय संपला. माझ्या गाडीला असंच केलंय, चालतेय.

ग्रीसगन

ठोकपीटराव, चालतेय हे मान्य, पण टिकणार नाही. केबिनचा जमिनीचा पत्रा साधारण १ मिमीच्या आसपास असतो. त्याला ५ मिमीची प्लेट जोडायला गेलात की जाड प्लेट वितळायच्या आत पातळ पत्रा जळून भोक पडतं. ते टाळायला करंट कमी केला तर वेल्ड नुसता प्लेटवर बसतो, आत पकड घेत नाही. जमलंच तरी पुढे वेल्डच्या कडेलाच तडा जातो, कारण मधे सगळं कडक आणि बाजूला सगळं मऊ. आणि गंज खाली तसाच. दोन थरांमध्ये पाणी अडकलं की जुना पत्रा गेला तसाच नवाही जाणार.

शिवाय हे नुसतं वजन पेलायचं काम नाही. सीट आणि सीटबेल्ट केबिनला बांधलेले असतात, आणि केबिन चासीला या मोजक्या बोल्टांनीच धरलेली असते. जोरात धडक बसली तर सगळा ताण याच जागांवर येतो. हौद्याच्या पत्र्याला ठिगळ मारलंत तर मी काही बोलणार नाही. इथे मात्र कापूनच काढायचं, चकचकीत लोखंड लागेपर्यंत.

जमिनीसाठी १ ते १.२ मिमी आणि माउंटच्या मजबुतीच्या पट्टीसाठी २ मिमी पत्रा पुरतो. कंपनीने जिथे दोन थर दिले होते तिथे दोन थर द्या.

लालऑक्साइड

चासीच्या ब्रॅकेटबद्दल थोडं. फक्त खालची कड गेली असेल आणि रेलला जोडलेला भाग टणटणीत असेल तर पूर्ण ब्रॅकेट काढायची गरज नाही. कुजलेला भाग कापा, पुठ्ठ्याचा साचा काढा आणि मूळ ब्रॅकेटच्याच जाडीच्या पत्र्यातून तुकडा बनवा. बोल्टच्या भोकाची जागा मात्र कापायच्या आधी रेलवरच्या दोन पक्क्या खुणांपासून मोजून लिहून ठेवा. ही मापं नसली की नंतर केबिन कुठे बसायची तेच कळत नाही.

रेलवर पट्टी जोडायची वेळ आली तर तिची टोकं चौकोनी ठेवू नका, निमुळती किंवा तिरकी कापा. रेलच्या लांबीला काटकोनात, सरळ वरून खाली वेल्ड मारला की नेमकं तिथेच ताण साचतो आणि तडा सुरू होतो. रेलच्या वरच्या आणि खालच्या कडेला नवीन भोकंही पाडू नका, वाकण्याचा सगळा ताण तिथे असतो. आणि सस्पेन्शन जिथे जोडलंय त्याच्या जवळ रेलला आरपार भोक असेल तर लहान मिगने त्याला हात लावू नका. ते चासीचं काम रोज करणाऱ्याकडेच द्या.

चौथागिअर

खूप आभार. ठोकून पाहिलं. रेल दोन्ही बाजूंनी टणटणीत वाजतायत, जिवात जीव आला. ब्रॅकेट एकच बद्द आहे. पॅड उचलल्यावर मात्र मागच्या कोपऱ्यात माझी मूठ जाईल एवढं भोक निघालं.

कापूनच काढायचं ठरवलं. ठोकपीटराव, राग नसावा. पण केबिन उचलायची कशी, आणि तो फिरणारा नट?

ग्रीसगन

नटापासून सुरुवात करू, कारण तो सुटल्याशिवाय केबिन हलणार नाही.

फिरणारा नट म्हणजे पेटीच्या आत ज्या पिंजऱ्यात तो बसवलेला असतो तो पिंजरा गंजून तुटलाय. आता कितीही पाना फिरवला तरी उपयोग नाही. दोन मार्ग आहेत. एक, केबिनच्या आतून, बरोबर नटाच्या वर, जमिनीच्या पत्र्याला तीन बाजूंनी कापा आणि तो तुकडा डब्याच्या झाकणासारखा वर उचला. आत नट दिसेल. तो पान्याने धरा आणि खालून बोल्ट सोडवा. दुसरा, केबिन आणि ब्रॅकेट यांच्या मधून बोल्ट करवतीच्या लांब पात्याने कापा. तिथे गॅस कटर लावू नका, रबर पेटतं आणि धूर थेट केबिनमध्ये जातो. मी पहिला मार्ग घेईन, कारण नवीन नट बसवायला ती खिडकी तशीही लागणारच आहे.

बाकीच्या बोल्टांवर आजपासूनच गंज सोडवणारं तेल मारायला लागा. सकाळ-संध्याकाळ, काही दिवस. मग आधी थोडं आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडा, परत थोडं आवळा. पहिल्याच फटक्यात इम्पॅक्ट गन लावली की चांगले नटही फिरायला लागतात.

नवीन नट ३ मिमीच्या पट्टीला वेल्ड करा आणि पट्टी खिडकीतून आत ठेवा. कंपनीचे नट बहुतेक वेळा पिंजऱ्यात थोडे हलते ठेवलेले असतात, बोल्ट सरळ बसावा म्हणून. तुम्ही पट्टी पक्की जोडणार असाल तर आधी बुश आणि बोल्ट लावून सगळं रेषेत आणा, बोल्ट हाताने सहज फिरतोय हे बघा, आणि मगच पट्टीला टाके (छोटे, ठिपक्यांसारखे वेल्ड) मारा.

केबिन एका वेळी एकाच बाजूने उचलायची. दुसऱ्या बाजूचे बोल्ट ढिले करा, पण काढू नका. जॅक उंबऱ्याच्या शाबूत भागाखाली, मधे रुंद लाकडी फळी. बुश निघेल एवढीच उचला, त्याहून जास्त नाही. उचलताना मधेमधे थांबून स्टिअरिंगचा जोड, ब्रेक आणि क्लचच्या नळ्या, रेडिएटरचे पाइप, पंखा आणि त्याचं कडं, गिअरचा दांडा आणि केबिन-चासीमधली अर्थची पट्टी बघत राहा. सगळ्यात आधी काय ताणलं जाईल ते गाडीगणिक बदलतं. उचलून झालं की घोडी (वजन पेलणारा लोखंडी स्टँड) किंवा लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उभ्या केबिनखाली डोकं घालायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एक माउंट पूर्ण करा, बोल्ट लावा, मगच पुढचा कापा. सगळे एकदम कापलेत तर केबिन कुठल्या जागेवर होती हे सांगायला काहीच उरत नाही.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत आतून लोखंडी अँगल आडवा-तिरका टाके मारून बसवा, चौकटीची दोन्ही तिरकी मापं लिहून ठेवा. आधी त्या कोपऱ्याला जॅक लावून केबिन मूळ उंचीवर आणा, दार नीट लागतंय हे बघा, आणि मग अँगल जोडा. उलट केलंत तर वाकडेपणाच पक्का होईल.

लालऑक्साइड

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा. गाडीत इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असेल तर त्याचे आणि अल्टरनेटरचे प्लगही. वेल्डिंग मशीनच्या अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा. मॅट, पॅड, सीट सगळं बाहेर. वेल्डिंग संपल्यावर तासभर गाडीजवळच थांबा, कारण कोपऱ्यात राहिलेला पॅड किंवा फोम आतल्या आत धुमसतो आणि उशिरा पेटतो. जस्त चढवलेला पत्रा वापरणार असाल तर जोडाच्या जागेवरचं जस्त घासून काढा, तो धूर छातीत जाऊ देऊ नका.

मिगला ०.६ किंवा ०.८ मिमीची तार घ्या. सलग रेघ ओढू नका. दोन सेंटिमीटर इथे, मग पार दुसऱ्या टोकाला, मग मधे. नाहीतर पत्रा फुगतो. जिथे थरावर थर येतो तिथे वरच्या पत्र्याला ८ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरा, कंपनीच्या स्पॉट वेल्डच्या जागी हेच चांगलं. नवीन तुकड्याचे कोपरे गोल ठेवा.

चौथागिअर

गंज परत येऊ नये म्हणून? रस्ट कन्व्हर्टर (गंजावर मारायचं रसायन) मारून वरून डांबरी कोट देऊ?

लालऑक्साइड

कन्व्हर्टर वरवरच्या गंजापुरता ठीक. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर त्याचा उपयोग नाही, तो खालपर्यंत पोचतच नाही. आणि गंजावर डांबरी कोट म्हणजे गंजाला पांघरूण. कोट वरून शाबूत दिसतो, आत पाणी साचतं.

पत्रे एकमेकांवर यायच्या आधी त्यांच्या आतल्या बाजूला वेल्ड करता येणारा जस्ताचा प्रायमर. वेल्ड झाल्यावर घासून इपॉक्सी प्रायमर, सांध्यावर सीम सीलर (फट बुजवणारी लुगदी), मग रंग. सगळं वाळलं की पेटीच्या आत लांब नळीने पातळ मेण फवारा. ते वेल्डच्या मागच्या, हात न पोचणाऱ्या बाजूला झिरपतं, आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. पाणी निघायची भोकं उघडी आहेत ना ते बघा, सीलरने तीच बुजवणारे बरेच पाहिलेत.

ठोकपीट

राग कसला. बुश मात्र सगळे एकदम बदला, एकटादुकटा नको. जुने रबर दबलेले असतात. एकाच कोपऱ्यात नवीन टाकलं तर केबिन तिकडून वर येते आणि दाराची कटकट परत सुरू.

ग्रीसगन

हे अगदी बरोबर. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण कडक असतात, इंजिनची थरथर केबिनमध्ये जास्त येते. जुन्या गाडीला मी रबरच देईन. बुशमधली लोखंडी नळी विसरू नका, बोल्ट तिच्यावर आवळला जातो, रबरावर नाही. बोल्ट नवीन घ्या, जुन्याच्या डोक्यावर ताकदीचा आकडा ८.८ किंवा १०.९ जो असेल तोच. गंजत नाही म्हणून साधा स्टेनलेस नको, तो ताकदीत कमी पडतो. शेवटचं आवळणं केबिनचं पूर्ण वजन बुशांवर आल्यावर, गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने). काही शे किलोमीटर चालवल्यावर परत एकदा तपासा, नवीन रबर थोडं बसतंच.

चौथागिअर

एक राहिलंच. मागच्या कोपऱ्यात खालून हात नीट पोचत नाही. हौदा उतरवू का?

ग्रीसगन

बोल्ट सुटत असतील तर उतरवाच. केबिनची मागची भिंत पूर्ण मोकळी मिळेल, उभं राहून वेल्ड करता येईल. मागचे दिवे आणि टाकीत इंधन भरायची नळी आधी सोडवा. टाकी हौद्याखालीच असेल तर तीही उतरवून गाडीपासून लांब ठेवा, ग्राइंडर त्यानंतर.