तेहेतीस भावांत अपराधीपणाला जागा आहे का?

धागाकर्ता:
भरतमुनीने 'नाट्यशास्त्र' या नाट्यकलेवरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात ८ स्थायी (मनात टिकून राहणारे), ८ सात्त्विक (घाम, रोमांच असे शरीरावर उमटणारे) आणि ३३ व्यभिचारी (येऊन-जाऊन असणारे) असे ४९ भाव सांगितले आहेत. माणसाचे मन ओळखण्यासाठी ही गणना आजही उपयोगी पडते, असे माझे मत आहे. या तेहेतिसांतला 'अवहित्थ' घ्या: म्हणजे मनातले दिसू नये म्हणून केलेली बतावणी. कालिदासाच्या 'कुमारसंभव' या काव्यात अंगिरस ऋषी हिमालयाकडे पार्वतीच्या विवाहाची गोष्ट काढतात, तेव्हा वडिलांशेजारी बसलेली पार्वती खाली मान घालून हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजू लागते. या अवस्थेला आजच्या बोलीत नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही.

प्रतिसाद १:
असहमत. ही नटांसाठी केलेली यादी आहे. निद्रा, व्याधी, अपस्मार (फेफरे), इतकेच काय, मरणही तिच्यात आहे. त्यांना भावना कोण म्हणेल? उलट, ज्या भावनेने माणूस आतून पोखरला जातो, त्या अपराधीपणाला तिच्यात स्वतंत्र नावच नाही. भवभूतीच्या 'उत्तररामचरित' या नाटकातला राम सीतेसाठी झुरतो, पण तिला वनात धाडणारा तोच आहे. या दुःखाला नुसता 'शोक' म्हटले, की निम्मे दुखणे नजरेआड होते.

प्रतिसाद २:
तेहेतिसांतली 'व्रीडा' तुमच्या नजरेतून सुटली. आपण तिचे भाषांतर 'लाज' असे करून मोकळे होतो, परंतु भरत तिचे मूळ अकार्य, म्हणजे करू नये ते, करण्यात सांगतो आणि तिच्या कारणांत वडीलधाऱ्यांचा अधिक्षेप, दिलेला शब्द न पाळणे आणि चक्क पश्चात्तापही मोजतो. मान खाली घालणे, जमीन उकरणे, अंगठीशी चाळा करणे ही त्याने दिलेली लक्षणे नटाला उपयोगी आहेत, हे खरे. पण घरात चूक करून बसलेल्या माणसाकडे पाहा, तो दुसरे काय करतो?

प्रतिसाद १:
व्रीडेचा मुद्दा मान्य. तो माझ्या ध्यानात आला नव्हता. तरीही तुम्ही दिलेली सारी लक्षणे कोणीतरी समोर असल्यावरची आहेत. रामाच्या व्यथेला भवभूती पुटपाकाची उपमा देतो: मातीच्या लेपाआड बंद केलेले औषध बाहेर काही न दिसता आतल्या आत शिजत राहावे, तशी ती व्यथा. शास्त्रातले नाव पुरले असते, तर कवीला वैद्याच्या भट्टीपर्यंत जावे लागले नसते. शिवाय पंचवटीत राम कोसळतो तेव्हा सीता त्याच्या शेजारीच असते, पण भागीरथीच्या (गंगेच्या) कृपेने अदृश्य. त्याच्या लेखी ती केव्हाच संपलेली आहे. मग त्याने मान खाली घालायची ती कोणासमोर?