जिब (पुढचं लहान शीड) बाहेर धरायला स्वस्तातली काठी कशाची करावी?

घाटावरचा_खलाशी
मंडळी नमस्कार, मी कोल्हापूरचा. मित्रासोबत जुनी एंटरप्राइझ ही शिडाची छोटी बोट घेतलीय, तीच निळ्या शिडांची, दोन माणसांची. बोट देवगडकडं खाडीत असते, त्यामुळं सुट्टी मिळाली की गगनबावडा उतरून जायचं. अडचण अशी की दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो आणि खाडीत परत येताना तो जवळजवळ पाठीवरच असतो, मग मेन (मोठं शीड) एका अंगाला पसरली की जिब तिच्या आडोशाला जाऊन नुसती लोंबकळते. मित्र हातानं कोपरा धरून बसतो पण किती वेळ बसणार. स्पिनेकर (मागच्या वाऱ्यासाठीचं फुगीर शीड) या क्लासला, म्हणजे बोटीच्या या जातीला, नसतोच, व्हिस्कर पोल (जिब बाहेर ढकलून धरायची काठी) पाहिजे, पण बाहेरून मागवायचा तर कस्टम नि कुरिअर धरून जीवावर येतंय. घरी रंगाच्या रोलरची लांब होणारी काठी हाय, आणि प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप. यातलं काय चालंल का?

उद्यमनगरी
पीव्हीसी विसर भावा. काठीवर येणारा सगळा लोड लांबीच्या दिशेनं दाबणारा असतो, एका टोकाला डोलकाठी नि दुसऱ्या टोकाला शिडाचा कोपरा, मध्ये काठी चेपली जाते. अशा वेळी पाइप तुटत नाही, मधनं बाक घेतो आणि एकदा बाक आला की संपलं. लांबी दुप्पट केली तर सोसायची ताकद चौथाईवर येते, म्हणून रोलरची काठी आखूड असताना ताठ वाटते नि पूर्ण ओढली की वळवळते. शिवाय तिचं पिळायचं लॉक दाबाखाली सरकतं. वापरायचीच असंल तर माप ठरवून दोन्ही पाइपांतनं आरपार भोक पाड आणि पिन घाल.

माझं ऐकशील तर ॲल्युमिनियम सेक्शनवाल्याकडनं गोल पाइप घे. पैसे जाडीत घालू नको, व्यासात घाल. भिंत तेवढीच ठेवून 25 मिमीऐवजी 32 चा घेतलास तर ताठपणा साधारण दुप्पट होतो, वजन मात्र पाव-एक पटच वाढतं. पडद्याचा पाइप लई पातळ असतो, जरा ठोकला गेला की चेमटतो आणि मग तिथंच मोडतो.

टोकांसाठी आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याबी लेथवाल्याकडं जा, नायलॉनचा रॉड पाइपच्या आतल्या मापाला टर्न करून घे. दोन गुल्ल्या, चहा प्यायला वेळ लागंल तेवढ्यात होतात. एकीत स्टेनलेसची बोथट पिन, ती शिडाच्या कोपऱ्यातल्या कडीत जाते, दुसरीत हूक. आत थर्माकोल कोंबून गुल्ल्या सील कर, नायतर काठी हातातनं निसटली की थेट तळाला. आणि स्टेनलेस थेट ॲल्युमिनियमला टेकवू नको, खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी सुटते.

कळकाचं_बेट
एवढा लेथबिथ कशाला ओ? कोकणात जाताच आहात तर माणगा बांबू बघा. जवळजवळ भरीव असतो, सरळ वाढतो, लई ताठ, आणि पाण्यात पडला तर तरंगतो, थर्माकोल नको काय नको. फक्त ओला घेऊ नका. ओला वाळताना चिरतो, सावलीत आडवा ठेवून चांगला वाळू द्या, टेकून उभा ठेवला तर बाक धरतो. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला किडत नाही म्हणतात, माझा त्यावर फारसा विश्वास नाही, वाहत्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवला तर आतलं गोड उतरतं आणि भुंगा कमी लागतो हे मात्र खरं.

कापताना दोन्ही टोकं गाठीच्या जरा पुढं कापा, पेराच्या मधोमध नको. गाठ टोकाला असली की चीर आत शिरत नाही. तरीबी टोकाशी चार बोटं रुंद नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळून त्यावर इपॉक्सी फिरवा. बाहेरच्या टोकाला इंग्रजी व्हीसारखी खाच करायची, जिबच्या शीटची (कोपऱ्याला बांधलेल्या दोरीची) गाठ तिच्यात बसते. खाच कानशीनं गोल करा आणि तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावा, नाहीतर शीड फाटंल.

वल्हव_रे
दोघांचंबी बरोबर हाय पण लांबी कुणी सांगितलीच नाही. पुस्तकी हिशोब करू नका. किनाऱ्यावर वारा मागून येईल अशी बोट उभी करा, मित्राला जिबचा कोपरा मेनच्या उलट्या अंगाला बाहेर ओढून धरायला सांगा, शिडाला थोडं पोट राहिलं पाहिजे. डोलकाठीपासून त्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणा, ते माप. जिबच्या खालच्या कडेच्या लांबीच्या आसपास येतं, किंचित कमीच. फळीसारखी ताणली तर ओढ जाते. रेस करणार असाल तर आधी क्लासचे नियम बघा.

डोलकाठीवर कडी कोपऱ्याच्या उंचीलाच पाहिजे म्हणजे काठी आडवी राहते. खाली झुकली तर बोट डोलली की टोक पाण्यात घुसतं आणि मग जे काय होईल ते होईल.

घाटावरचा_खलाशी
विषयच संपवला की राव तुम्ही. आधी माणगा, तो वाळेपर्यंत ॲल्युमिनियम. पण जाइब करताना, म्हणजे वारा मागं ठेवून शिडं दुसऱ्या अंगाला फिरवताना, काठीचं काय करायचं? दोघांत एकालाच पुढं सरकायला जागा हाय.

वल्हव_रे
आधी डोलकाठीकडचं टोक सोडवायचं, मग शिडाकडचं. काठी आत घ्या, मेन फिरवा, जिब पलीकडं ओढा, आता उलट क्रम, पहिल्यांदा शिडाच्या कोपऱ्यात, मग ढकलत बाहेर आणि शेवटी डोलकाठीच्या कडीत. डोलकाठीचं टोक आधी अडकवायला गेलात तर कोपरा हाताला लागतच नाही. सुकाणूवाल्यानं तेवढा वेळ बोट सरळ वाऱ्यापुढं धरायची, वाऱ्याकडं वळवली की जिब उलटी भरते. आणि काठी कशालाच कायमची बांधू नका, झटक्यात सुटली पाहिजे. वारा पाण्यावर पांढरे तुरे काढायला लागला तर ती काठी बोटीच्या बुडात पडलेलीच बरी.

उद्यमनगरी
सेंटरबोर्ड (बोटीखालची वर-खाली होणारी फळी) पूर्ण वर घेऊ नको, पाव भाग खाली ठेव, डोलणं कमी होतं. आणि लेथवाल्याकडं जाताना पाइपचा तुकडा सोबत ने, तोंडी माप सांगू नको.