नासाच्या क्रिप्टोलिबमधला हीप ओव्हरफ्लो, २०० युरोत काय करू?

गच्चीवरचा: मंडळी, जर्मनीत मास्टर्स करतोय, क्यूबसॅट (छोटा उपग्रह) टीममध्ये ग्राउंड स्टेशन माझ्या गळ्यात पडलंय. टेलिमेट्रीसाठी, म्हणजे उपग्रहाकडून येणाऱ्या डेटासाठी, नासाचं क्रिप्टोलिब (एन्क्रिप्शनची लायब्ररी) वापरतो, व्हर्जन १.३.३. त्यातला मार्च २०२५ला जाहीर झालेला लोचा मला आत्ता कळतोय. टीएम (टेलिमेट्री) फ्रेमचं, म्हणजे डेटाच्या एका गठ्ठ्याचं, सेकंडरी हेडर स्वतःची लांबी स्वतःच सांगतं, ती अख्ख्या फ्रेमपेक्षा जास्त असली तर मेमकॉपी (डेटा कॉपी करणारं फंक्शन) बफरच्या, म्हणजे मेमरीत राखून ठेवलेल्या जागेच्या, बाहेर लिहीत सुटतो, हाच तो हीप ओव्हरफ्लो. खोटी फ्रेम देऊन बघितली, साध्या बिल्डमध्ये काहीच नाही, मेमरीच्या चुका पकडणारा सॅनिटायझर लावल्यावर लाल अक्षरात बोंब. बजेट २०० युरो, वेळ दोन आठवडे. काय करू?

तर्रीबाज: एचएसएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारं वेगळं हार्डवेअर) घे. आम्ही ऑफिसात घेतला, दोन वर्षं डोक्याला ताप नाही.

गच्चीवरचा: २०० युरो लिहिलंय हो वर. आणि फ्रेम उलगडून वाचायचं काम तरी सॉफ्टवेअरच करणार ना?

उंटावरून_शेळ्या: रस्ट भाषेत लिहून टाक. मी एका वीकेंडला डेटा वाचणारा पार्सर लिहिला होता, एकदाही पडला नाही.

निवृत्त_सीवाला: कुणी वापरला तरी का तो? ३० वर्षं सी लिहिलं, दोष भाषेचा नाही, लांबी न तपासणाऱ्याचा. मीही एकदा खाल्लाय मार, मीटरचं फर्मवेअर, एक बाइट जास्त, गिऱ्हाइकाकडची सगळी मीटरं परत आली.

उंटावरून_शेळ्या: म्हणजे ३० वर्षांनीही चुकलाच ना काका 😄

हॅमवाला_नाशिक: हॅम (हौशी रेडिओच्या) बँडवर एन्क्रिप्शन चालतच नाही, मुळात हे हवंय कशाला?

मंजिरी_के: सॅटेलाइटला जाणाऱ्या कंट्रोल कमांडना सूट आहे.

हॅमवाला_नाशिक: हा टेलिमेट्रीबद्दल बोलतोय ताई.

तर्रीबाज: ते जाऊ दे, सॅटेलाइट हॅक झाला तर? एचएसएम घे.

मंजिरी_के: अहो टीएम वरून खाली येतं, हे फंक्शन जमिनीवरच्या पीसीत चालतं. धोका त्या पीसीला, अँटेनाजवळ कुणी ट्रान्समीटर घेऊन उभा राहिला तर. आणि त्या लांबीला सहाच बिट आहेत, म्हणजे जास्तीत जास्त ६३, तेव्हा गडबड आखूड फ्रेममध्येच होणार. टीएम फ्रेम एका चॅनेलवर ठरलेल्या लांबीचीच असते. वेगळ्या लांबीची आली तर लायब्ररीपर्यंत जाऊच देऊ नकोस. आणि व्हर्जनही बदल, दोन्ही कर.

निवृत्त_सीवाला: मीही तेच म्हणत होतो, लांबी तपासा.

उंटावरून_शेळ्या: व्हर्जन बदलच. नाहीतर रस्ट.

गच्चीवरचा: धन्यवाद सगळ्यांना, ताईंना जास्त. लांबीचा चेक टाकला, दोन ओळी. आखूड फ्रेम आता दारातूनच परत. व्हर्जन मात्र लाँचनंतर बदलेन, आत्ता हात लावला तर सगळ्या टेस्ट परत कराव्या लागतील. २०० युरो अँटेना फिरवणाऱ्या रोटेटरला, पाऊस आला की अडकतो.

मंजिरी_के: अरे दोन्ही म्हटलं होतं मी.

तर्रीबाज: रोटेटर कुठला घेतोयस? आमच्याकडे एक पडून आहे.