सहा वर्षांची मुलगी प्रवासात बूस्टर सीटवर टिकत नाही

प्रश्न : मृण्मयी, पुणे
आमच्या मुलीची उंची ११२ सेंटिमीटर आहे. कोल्हापूरला जाताना ती बूस्टर सीटवर (गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणाऱ्या आसनावर) बसते खरी, पण खंबाटकी घाट येईपर्यंत पट्टा काखेखाली सरकवते किंवा काढून थेट आजीच्या मांडीवर जाते. मांडीवर घट्ट धरलेले मूल अधिक सुरक्षित असते, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. दोघींनाही न दुखावता ही सवय कशी लावावी?

प्रतिसाद : सातारकर
आधी सासूबाईंच्या मुद्द्याविषयी. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून थांबते, तेव्हा पट्टा न लावलेला माणूस साधारण १० मीटर उंचीवरून पडल्याच्या वेगाने पुढे फेकला जातो. अशा वेळी वीस किलोचे मूल हातांनी धरून ठेवणे पैलवानालाही शक्य नाही, आणि आजींनी स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर त्यांचाही भार मुलीवरच येतो. हे सुनेपेक्षा मुलाने सांगितलेले बरे (आगाऊपणा वाटल्यास क्षमस्व). शिवाय १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बी नुसार १,००० रुपये दंड आहे.

प्रतिसाद : अनघा
ती पट्टा काखेखाली का घेते, हे पाहावे. बहुधा तो मानेला काचत असेल. पाठ असलेल्या बूस्टरच्या खाचेतून पट्टा ओवला, की तो खांद्याच्या मध्यावरून जातो. खालचा पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाशी, कमरेच्या हाडांवर हवा. पोटावर चढलेला पट्टा धक्क्यात आतड्यांना इजा करू शकतो. आमच्याकडे सर्वांचे पट्टे तपासण्याचे काम मुलाकडे आहे. त्याने आजोबांसकट सगळ्यांना होकार दिल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, आणि वाटेत कोणी पट्टा काढल्यास ती सुरक्षित जागी थांबते.

प्रतिसाद : लेस्टरवासी
इंग्लंडमध्ये १२ वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत असे आसन सक्तीचे आहे. वर्गातील सगळीच मुले त्यावर बसत असल्याने वाद फारसा होत नाही. भारतात आल्यावर मात्र भाड्याच्या गाडीत मागच्या पट्ट्यांची कुलुपे सीटकव्हरखाली दडपलेली आढळतात. ती आदल्या दिवशीच मोकळी करून घ्यावीत.

मृण्मयी
आभार. मागे मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा आहे. आजीशेजारी म्हणून तिथे बूस्टर ठेवता येईल का?

अनघा
नाही. बूस्टरला खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच. दोघींना दोन खिडक्यांशी बसवावे आणि खाऊचा डबा मध्ये ठेवावा.