शिवसागरात कॅसिनो हवा की नको?

तापोळ्याचा लाँचवाला

मे महिन्यात पुण्याची आठ पोरं माझ्या लाँचमध्ये बसली. कोयना, सोळशी, कांदाटीचा संगम दाखवला, पोरं खूश. उतरताना एकानं विचारलं, "काका, अंधार पडल्यावर इथं काय करायचं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. मुक्कामाला म्हणून आलेली पोरं जेवायच्या आधीच गोव्याच्या वाटेला लागली.

म्हणून मनात आहे ते उघड लिहितो. कोयना धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे शिवसागरात, चारी बाजूंनी पाणी असलेल्या एखाद्या टेकाडावर एक कॅसिनो होऊ द्यावा. एकच, आणि सरकारी पहाऱ्यात.

आमच्या आज्याची भाताची खाचरं या पाण्याखाली आहेत. धरण 105 टीएमसीचं, वीज 1960 मेगावॉट. वीज राज्याला गेली, पाणी खालच्या उसाला गेलं आणि आमची माणसं वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती घेऊन माथाडी झाली. गावात घरटी एक म्हातारं राहिलंय. पोरांनी इथं राहावं असं वाटत असेल तर पैसा इथं यायला हवा, आणि तो नुसत्या बोटिंगनं येत नाही. पावसाळ्यात चार महिने लाँच बांधूनच ठेवावी लागते.

आपल्या राज्यानं 1976 सालीच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी लागूच केला नाही आणि 2023 ला विधिमंडळानं रद्द करून टाकला. मला ती घाई वाटते. सिंगापूरनं सेंटोसा बेटावर 2010 साली कॅसिनो उघडला, पण स्वतःच्या नागरिकाला आत जायला दिवसाचे 100 सिंगापुरी डॉलर लावले, 2019 ला 150 केले. बाहेरच्यानं खेळावं, घरच्यानं लांब राहावं, अशी सोय करता येते. गोव्यानं तर 2020 च्या फेब्रुवारीपासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदीच केली आहे. आपल्याला का जमू नये?

मेढ्याची सून

दादा, तुमच्या पोटातली आग कळते. माझा नवराही दहा वर्षं मुंबईत गावकीच्या खोलीत राहिला. पण या पाण्याच्या काठाला लागलेला तालुका कुठला ते विसरू नका. याच जावळीत बायकांनी बाटली आडवी करून दारूची दुकानं बंद पाडली.

ते किती अवघड असतं हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. आधी चौथाई बायकांच्या सह्यांचा अर्ज. सह्या कुणाच्या, ते दुकानदाराला कळायला वेळ लागत नाही. मग मतदान, चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. आणि झालेल्या मतांत जास्त पडून भागत नाही, यादीत असतील नसतील त्या सगळ्या बायकांतल्या निम्म्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे जी मुंबईला गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, तिचं न पडलेलं मत दुकानाच्याच पदरात. माझ्या सासूबाई एकेका घरी तीन-तीन वेळा गेल्या होत्या.

तुमचा कॅसिनो बिनदारूचा असणार आहे का? नसेल तर त्या बायकांनी काय मिळवलं?

कराडकर, आठ वर्षं पणजीत

मी मांडवीच्या काठावर हॉटेलात नोकरी केली. नदीत सहा कॅसिनो बोटी उभ्या असतात, रात्री त्यांच्या दिव्यांनी पाणी दिसत नाही. जेटीवरून छोट्या बोटीनं गिऱ्हाईक आत नेतात.

तुमच्या कामाची गोष्ट सांगतो. आत जायचं तिकीट काढलं की त्यातच जेवण, दारू, गाणी-नाच आणि काही रकमेचे चिप्स, म्हणजे पैशाऐवजी डावावर लावायच्या चकत्या. माणूस संध्याकाळी आत गेला की पहाटे बाहेर येतो, पोट भरून आणि खिसा रिकामा करून. मग माझ्या हॉटेलात तो काय खाणार? आमच्याकडं उरायचे ते ड्रायव्हर, चहा-पावावर रात्र काढणारे. तुमच्या खानावळीला, लाँचला, स्ट्रॉबेरीच्या टपरीला त्यातलं काय येईल, हा हिशोब आधी मांडा. गिऱ्हाईक आत धरून ठेवण्यावरच तो धंदा चालतो.

दुसरं, त्या बोटी नदीतून हलवणार हे मी तिथं होतो तेव्हापासून ऐकतोय. मुदत संपते आणि पुन्हा वाढते. एकदा आलेलं जात नाही.

सांगलीचा हळदवाला

मी लाँचवाल्या दादांच्या बाजूनं बोलतो. जुगार आपल्याकडं नाही असं समजून बोलू नका. मटक्याची चिठ्ठी कुठल्या टपरीवर मिळते हे प्रत्येक गावाला ठाऊक असतं. राज्य सरकार स्वतः 1969 पासून लॉटरी चालवतंय. मोबाइलवर रमी खेळून आमच्या पेठेतल्या एका हमालानं बायकोचं मंगळसूत्र घालवलं. 2025 ला केंद्रानं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्याचं स्वागतच, पण खेळणारा थांबला असं मला दिसत नाही. चोरून चालण्यापेक्षा दिव्याखाली, कॅमेऱ्यासमोर, कर भरून चालू दे. कॅसिनोवर जीएसटी आता 40 टक्के आहे. एवढा कर दुसरा कुठला धंदा देतो?

मेढ्याची सून

हळदवाले दादा, टपरीवरचा मटका खेळणारा माणूस कॅसिनो झाला म्हणून टपरी सोडून बेटावर जाणार नाही. त्याला आत सोडायचंच नाही असं वर ठरलंय ना? मग तो टपरीवरच राहणार. एकाच्या जोडीला दुसरं येणार, एवढंच.

वाईची वकील

करावर बोलते. जीएसटी निम्मा केंद्राला, निम्मा राज्याला. ग्रामपंचायतीला त्यातून थेट काही येत नाही. "इथला पैसा इथं थांबेल" हे वाक्य कागदावर टिकत नाही.

आणि जागा कुठली निवडताय? पश्चिमेचं रान 1985 पासून कोयना अभयारण्य, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वरचं महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. बामणोलीच्या वाटेवरचं कास 2012 पासून जागतिक वारसा. घराची पडवी वाढवायला जिथं गावकऱ्याला खेटे घालावे लागतात, तिथं रात्रभर जनरेटर आणि दिवे चालणाऱ्या इमारतीला परवानगी मागायची? ती मिळाली तर मला जास्त राग येईल.

सांगलीचा हळदवाला

वकीलताई, एक मुद्दा मी माझ्याविरुद्धच देतो. हे पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि आमच्या आयर्विन पुलाखालून जातं. सांगली तेच पिते. बेटावरच्या मैल्याचं काय, याची लेखी हमी मला आधी हवी. ती नसेल तर माझा पाठिंबा मागे.

साताऱ्याचे निवृत्त मास्तर

सगळे गोव्याकडं बघताहेत, म्हणून दोन लांबची उदाहरणं देतो.

तैवानजवळ पेंगहू नावाची बेटं आहेत. आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बेसॉल्ट, समुद्रात खांबांसारखा उभा. मासेमारी आणि उन्हाळ्यातले पर्यटक, यावर गुजराण. तरुण मुलं मोठ्या शहरांकडं जाणार, हेही आपल्यासारखंच. 2009 साली तैवाननं कायदा बदलला: दूरच्या बेटांवर कॅसिनो चालेल, पण आधी बेटावरच्या लोकांचं मतदान. त्याच सप्टेंबरात पेंगहूत मतदान झालं, 56 टक्के लोक 'नको' म्हणाले. 2016 ला पुन्हा विचारलं. मधल्या काळात गरज वाढली, आता लोक वळतील, असं समर्थकांना वाटलं असेल. विरोध 81 टक्क्यांवर गेला. मात्सू या दुसऱ्या बेटांनी 2012 ला 57 टक्क्यांनी 'हो' म्हटलं. तरी तिथं कॅसिनो उभा राहिला नाही, कारण तो चालवायचा कायदाच पुढं झाला नाही.

दुसरं दक्षिण कोरियाचं. डोंगरातल्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या, गावं ओस पडू लागली. 1995 साली खास कायदा करून 2000 ला तिथं कॅसिनो उघडला. देशात इतर कॅसिनो फक्त परदेशी लोकांसाठी, हा एकच कोरियन माणसाला खुला. रोजगार आला, हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण त्याच गावात गहाणवटीची दुकानं रांगेनं उभी राहिली आणि लोक मोटारी गहाण टाकून खेळू लागले. शेवटी एका माणसानं महिन्यात 15 दिवसांपेक्षा जास्त यायचं नाही, असा नियम करावा लागला. महिन्यातले 15 दिवस ही जिथं मर्यादा ठरते, तिथं आधी काय चाललं असेल याचा विचार करा.

लाँचवाले, तुमचा प्रस्ताव मला मान्य नाही. पण पेंगहूची एक गोष्ट घ्यावीशी वाटते. त्यांना विचारलं गेलं. धरण बांधताना तुमच्या आज्याला कुणी विचारलं नव्हतं.

तापोळ्याचा लाँचवाला

मास्तर, हे शेवटचं वाक्य लागलं.

कराडकरांचा जेवणाचा मुद्दा मला खरंच माहीत नव्हता. गिऱ्हाईक बेटावरच खाणार, झोपणार, आणि मी फक्त सोडायचं-आणायचं भाडं घेणार. तेही कंपनीनं स्वतःच्या स्पीडबोटी आणल्या की जाणार. इथं माझी बाजू पडली, मान्य करतो. मेढ्याच्या वहिनींच्या दारूच्या प्रश्नालाही माझ्याकडं उत्तर नाही.

पण 'नको' म्हणणाऱ्यांतले निम्मे साताऱ्यात, कराडात राहतात. त्यांच्या पोरांना शाळा आहे, दवाखाना आहे. नको म्हणायची जी किंमत काठावरच्या माणसाला पडते ती त्यांना पडत नाही. मतदान घ्यायचं तर फक्त काठावरच्या गावांत घ्या. मुंबईची माणसं यात्रेला येतात तेव्हा घ्या, म्हणजे कुणाचं मत वाया जाणार नाही. माझं मत मी तिथं देईन, आणि आज विचाराल तर ते अजून 'हो'च आहे.

कांदाटी खोऱ्यातली, सध्या घणसोलीत

काका, त्या पोरानं तुम्हाला विचारलं ना, अंधार पडल्यावर काय करायचं. आमच्या गावात अंधार पडल्यावर लाँच लागते ती पेशंटला पलीकडं न्यायला. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईला रात्री अकराला नेलं होतं, बॅटरीच्या उजेडात, पावसात. बेटावर रात्रभर दिवे लावायला आणि बोटी पळवायला पैसा उभा राहू शकतो, तर आधी काठावरच्या गावांसाठी रात्रीची एक लाँच उभी राहू दे. मग कॅसिनोचं मतदान घ्या. मी गाडी करून येईन मत द्यायला, आणि 'नको' देईन.

तापोळ्याचा लाँचवाला

पोरी, तसल्या खेपा मी किती मारल्यात त्याची मोजदाद नाही. पैसे कधी मागितले नाहीत, मागवतही नाहीत. लाँच मी देतो, रात्री झोपेतून उठून मी येतो. दर खेपेला लागणारं डिझेल कुठून आणायचं, तेवढं 'नको' म्हणणाऱ्यांपैकी कुणीतरी सांगा.