कयाकवरून गरवताना (गरीने मासे धरताना) शूटिंग कसं करता? मासा लागला की नेमका कॅमेरा बंद

खाडीकर_७७:
नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा सांगा. नोकरी पुण्यात, गाव दापोली तालुक्यात, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी आंजर्ल्याच्या खाडीत कयाक (एकट्याची अरुंद होडी) घालतो. साधी वल्ह्याची आहे, पेडलवाली नाही. दिवाळीत एक सेकंडहँड ॲक्शन कॅमेरा घेतला आणि आता शूटिंगचं वेड लागलंय. चॅनल वगैरे काढायचं नाही हो, आईला आणि मुलीला दाखवायचं एवढंच. पण होतं काय की सहाला पाण्यात उतरलो की लगेच चालू करतो, सव्वा तासात बॅटरी ढिम्म, आणि मग मासा लागतो. गेल्या रविवारी कांदळाच्या (खारफुटीच्या) मुळांशी लुअर, म्हणजे नकली आमिष, टाकला तर तांबोशी माशाने असा काय ओढला की कयाकचं तोंडच फिरलं, दोन्ही हात रॉडवर आणि कॅमेरा झोपलेला. शूटिंग काय आलंय तर ४० मिनिटं माझे गुडघे. छातीचा पट्टा वापरतोय. कुठे लावू आणि कधी चालू करू?

गरीवाला:
आधी तो पट्टा काढ. बसलेल्या माणसाने लाइफ जॅकेटवर लावला की कॅमेरा एकतर आभाळ बघतो नाहीतर मांडी. पायांच्या पुढे हातभर दांडी लाव, कॅमेऱ्याचं तोंड तुझ्याकडे, म्हणजे चेहरा, रॉडचा बाक आणि मासा सगळं एकत्र येतं. पाठीमागे उंच दांडी लावतात ते दिसायला भारी पण कास्ट करताना, म्हणजे गरी लांब फेकताना, रॉड मागे नेला की फटका बसतोच, माझ्या रॉडचं एक टोक तिथेच मोडलंय. आणि सकाळी समुद्राकडे तोंड करून वल्हवलंस तर सूर्य तुझ्या पाठीशी, म्हणजे थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात, तू नुसता काळा ठोकळा. खाडीत आत, पूर्वेकडे जा, तोंडावर उजेड येतो.
सेटिंगमध्ये लूपिंग असेल तर ५ मिनिटांवर ठेव. चालू राहतो पण जुनं पुसत जातो, मासा कयाकवर घेतलास की बंद कर, शेवटची ५ मिनिटं तुझी. गोप्रो हिरो ९ किंवा त्यापुढचा असला तर हाइंडसाइट आहे, बटण दाबायच्या आधीची ३० सेकंदं पण मिळतात. अर्थात यात कार्ड वाचतं, बॅटरी जळतेच.

उधाण_भांग:
बॅटरीसाठी कॅलेंडर बघ रे बाबा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आमचे आजोबा असंच काढायचे. एकादशी असेल तर ११ ची पाऊणपट सव्वाआठ, तेव्हा पाणी भरणार, थोडं मागेपुढे धर. आमच्याकडे तरी पाणी चढताना शेवटचा तासभर आणि उतरायला लागल्यावर मासा खातो, पाणी थांबलं की गप्प. मग सहाला चालू करून काय सूर्योदय काढतोस? सव्वासातला चालू कर, बॅटरी पुरते. दुसरी बॅटरी झिपच्या पिशवीत कोरड्या फडक्यात ठेव आणि बदलताना हात पुसूनच दार उघड, खारट थेंब आत गेला की कामातून गेलं.

माशेवाली_अलिबाग:
वरच्या दोघांना +१. माझी भर एवढीच की खाऱ्या पाण्याचा थेंब काचेवर वाळला की पांढरा डाग पडतो आणि अख्खं शूटिंग त्या डागामागून बघावं लागतं. फडक्याने पुसलं तर अजून पसरतं. सरळ जीभ लावा काचेवर, हसू नका, लाळेने थेंब जमत नाही, पाण्याचा पातळ थर होऊन निघून जातो. घरी आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, मग वाळवायचा. आणि दोरी!! दांडीला कॅमेरा वेगळ्या दोरीने बांध. माझा पहिला कॅमेरा रेवदंड्याला जिताडा घेताना गेला, बुडबुडे पण नीट दिसले नाहीत, जिताडा मात्र मिळाला. नवऱ्याने हिशोब केला, तो जिताडा किलोला किती पडला ते इथे लिहीत नाही.

खाजणातला:
सगळे कॅमेऱ्याचंच बोलताय. मागे काय दिसतंय ते बघा आधी. मी हौसेने एक क्लिप टाकली, पाठीमागे पूल आणि देवळाचा कळस, झालं, पुढच्या महिन्यात माझ्या कोपऱ्यात सहा कयाक आणि कांदळाला अडकलेल्या लायनी. घरच्यांना दाखव पण ग्रुपवर टाकताना कापून टाक. आणि हो, हात लांब करून मासा लेन्ससमोर धरू नकोस, दीड किलोचा पाच किलोचा दिसतो, सगळ्यांना कळतं.

खाडीकर_७७:
@खाजणातला, पकडलंत 😄 
सगळ्यांचे आभार. परवा दशमी होती, साडेसातचा हिशोब धरून साडेसहाला चालू केला, पुढची दांडी, लूप ५ मिनिटं, दोरी बांधली. पावणेआठला शेंगाळा लागला, काटा सांभाळत पक्कडीने गरी काढली, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं आलंय. फक्त काचेला जीभ लावायची राहिली. लेक विचारते, पप्पा, तुम्ही ढगात मासे पकडता का?