मदत हवी आहे: चादरींचा साठा रात्रीच्या बॅचवर ठेवावा की इव्हेंटवर न्यावा?

मंडळी, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेल कारखान्याची साठा प्रणाली आहे. दुकान, गोदाम आणि वेबसाइटचा हिशोब रात्री २ वाजता क्रॉन जॉबने (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एकदम, म्हणजे बॅचने, जुळतो. दिवसाला जेमतेम ३,००० नोंदी, म्हणजे वेगाचा प्रश्नच नाही. दुखणं असं की सकाळी ११ ला दुकानात शेवटची जकार्ड चादर गेली, तरी वेबसाइटवर रात्रीपर्यंत ‘१ शिल्लक’ दिसते आणि तीच पुन्हा विकली जाते.

पगार, जीएसटी बॅचमध्येच बरे. फक्त साठा इव्हेंटवर न्यायचाय, म्हणजे विक्री झाली की लगेच तिचा संदेश जाईल: विक्रीची नोंद आणि आउटबॉक्स टेबलातली (पाठवायच्या संदेशांची यादी) ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही. संदेश दोनदा येऊ शकतो, म्हणून प्रत्येक विक्रीला युनिक आयडी, म्हणजे दुसऱ्यांदा आलेला ओळखून सोडता येईल.

अडलंय ते इथे. विक्री ही नुसती वजाबाकी, क्रम चुकला तरी चालतं. पण गोदामाची मोजणी थेट ‘साठा आता ४०’ लिहिते. दुकानाचं नेट तासभर गेलं आणि मोजणीआधीची विक्री नंतर पोचली, की ती पुन्हा वजा होते. मोजणीही फरक म्हणून (‘उणे २’) पाठवावी, की विक्रीची वेळ तपासावी? दुकानातल्या मशीनच्या घड्याळावर माझा भरवसा नाही.

आणि एवढ्याशा नोंदींना रॅबिटएमक्यू (संदेश रांगेत ठेवून पोचवणारं सॉफ्टवेअर) हवंच का, की दर ३० सेकंदांनी आउटबॉक्स वाचणं पुरे? प्रत्यक्ष चालवलेल्यांनी कृपया सांगा.